बाहेर सरकणारा खण: ट्रेलरमधील स्लाइड-आउट चौदा महिने वापरून पाहिल्यानंतर

खान्देशात धाब्याचे घर खणांत मोजण्याची रीत जुनी आहे. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, आणि घर लहान की मोठे हे विचारायचे असेल तर किती खणांचे घर, असेच विचारले जाते. टेबलाच्या ओढायच्या कप्प्यालाही आपण खणच म्हणतो. त्यामुळे प्रवासी ट्रेलरच्या बाजूच्या भिंतीतून, बटण दाबताच अडीच फूट बाहेर सरकणाऱ्या ज्या भागाला स्लाइड-आउट म्हणतात, त्याला आमच्या घरात पहिल्याच दिवशी ‘खण’ हे नाव पडले, आणि दोन्ही अर्थांनी ते त्याला शोभते. दोन यात्रा, एक उन्हाळा आणि एक पावसाळा असे चौदा महिने हा खण आम्ही वापरला. असा ट्रेलर बांधून घेण्याच्या विचारात असलेल्या कुटुंबांना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आमची गरज आधी सांगतो, कारण खण घ्यावा की नाही याचे उत्तर तिच्यावरच अवलंबून आहे. माझ्या थोरल्या बंधूंना घोड्यांचा नाद आहे. दत्तजयंतीला शहादा तालुक्यात तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिथे देशभरातून घोडे येतात. त्या बाजारात दादांचा मुक्काम आठ-दहा दिवसांचा असतो. पूर्वी आम्ही राहुटी ठोकून राहत असू. मार्गशीर्षातली खान्देशची थंडी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना उघड्या मैदानावरची पहाट कशी असते हे सांगायला नको. आईने पंचाहत्तरी ओलांडल्यावर तिच्यासाठी पक्की भिंत, बिछाना आणि जवळ शौचालय हवे असे ठरले, आणि अठरा फुटी ट्रेलर बांधून घेतला. आतली रुंदी सात फूट. उजव्या भिंतीत नऊ फूट लांब आणि तीस इंच खोल असा एक खण. त्यात जेवणाचे टेबल आणि आईचा दिवाण.

मुळात ही कल्पना अमेरिकेची. इंडियाना राज्यातील न्यूमार या कंपनीने १९९० साली मोटरहोममध्ये असा सरकता भाग आणला आणि पुढे तो ओढून नेण्याच्या ट्रेलरमध्येही सर्रास आला. कारण सरळ आहे. रस्त्यावरच्या वाहनाच्या रुंदीला कायद्याची मर्यादा असते, अमेरिकेत ती १०२ इंच आहे; घर मात्र त्याहून रुंद हवे असते. म्हणून चालताना अरुंद आणि थांबल्यावर रुंद अशी ही योजना. तिथले आराखडे आपल्याकडे जसेच्या तसे उतरवून चालत नाही, ही गोष्ट मात्र कारखान्यात बसल्यावरच लक्षात येते. तिकडे वाहने उजवीकडून चालतात, म्हणून दार उजवीकडे आणि मुख्य खण बहुधा डावीकडे असतो. आपल्याकडे दार डावीकडे, रस्त्याच्या कडेला उघडले पाहिजे. अर्थात खण उजवीकडे, आणि त्याबरोबर पाण्याची टाकी, बॅटऱ्या, गॅसची टाकी या सगळ्यांच्या जागा उलटल्या पाहिजेत. आमच्या बांधणाऱ्याने दार आणि खण उलटवला, पाण्याची टाकी मात्र मधोमध ठेवली. त्याचे काय झाले ते पुढे येईल.

फायद्यांविषयी लिहिताना मला हात आखडता घ्यावासा वाटत नाही. खण बंद असताना आतून जाण्याची वाट बावीस इंचांची राहते. समोरून कोणी आले तर एकाने दिवाणावर बसून वाट द्यावी लागते. खण उघडला की तीच वाट बावन्न इंच होते. कागदावर पाहिले तर साडेबावीस चौरस फुटांचीच भर पडते. पण ती सगळी ट्रेलरच्या मध्यभागी, जिथे माणसे उभी राहतात नेमकी तिथे पडते. सारंगखेड्याच्या पहिल्या रात्री वहिनींनी ओट्यावर कळण्याच्या भाकरी थापल्या, टेबलावर भरताचे पातेले ठेवले आणि आम्ही आठ माणसे आत बसून जेवलो. दोघे टेबलापाशी, दोघे दिवाणाच्या काठावर, चौघे खाली सतरंजीवर, आणि तरीही वहिनींना वाढायला मधून फिरता येत होते. राहुटीत हे कधीच जमले नव्हते. खणाला तिन्ही बाजूंनी खिडक्या आहेत. पहाटे आई दिवाणावर उशीला टेकून बसते आणि पडदा सारून समोरच्या घोड्यांना चारा टाकताना पाहते. तिचा यात्रेतला सर्वांत आवडता वेळ तोच. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मला खणाचा खर्च पटतो.

दुसरा फायदा उंचीचा आहे. खण बाहेर गेला की दिवाण भिंतीलगत जातो आणि मधली संपूर्ण जागा पूर्ण उंचीची मोकळी मिळते. लुगडे नेसायला, लहान मुलाला आंघोळ घालून पुसायला, आजारी माणसाला धरून उठवायला जी मोकळीक लागते ती वीस-बावीस इंचांच्या बोळात मिळत नाही. घरात वृद्ध माणूस असेल तर या मुद्द्याला इतर सर्व मुद्द्यांपेक्षा अधिक वजन द्यावे.

पण त्याच वृद्ध माणसाच्या दृष्टीने एक दोषही आहे. खणाची जमीन मुख्य जमिनीवर सरकते, त्यामुळे ती तीन-चार इंच उंच राहते. पहिल्याच संध्याकाळी आईचा पाय तिथे अडखळला आणि तिने अहिराणीत विचारले, “आठे उंबरा काबर शे रे?” म्हणजे, इथे उंबरा कशाला आहे रे? प्रश्न रास्त होता. उघडल्यावर खाली बसून मुख्य जमिनीच्या पातळीला येणारे खणही असतात. त्यांची यंत्रणा अधिक गुंतागुंतीची आणि महाग असते, म्हणून आमच्या बांधणाऱ्याने ती सुचवलीच नव्हती. आता त्या काठावर पिवळी खडबडीत पट्टी चिकटवली आहे आणि रात्री तिथे लहान दिवा चालू ठेवतो. पुन्हा करायचे झाले तर हा उंबरा टाळण्यासाठी मी पैसे मोजीन.

आता वजन. ते कागदावरच्या आकड्यावर सोडू नये, काट्यावर पाहावे. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे फैजपूरला त्याच कारखान्यातला, त्याच लांबीचा, बिनखणाचा ट्रेलर आहे. सावद्याला केळीचे ट्रक मोजतात त्या वजनकाट्यावर दोन्ही ट्रेलर रिकामे नेले. आमचा १,९४० किलो भरला, त्यांचा १,६९०. म्हणजे भिंतीला पाडलेला खिंडार सावरणारी जादा चौकट, रूळ, मोटर आणि खणाची स्वतःची जमीन, छत व तीन भिंती मिळून अडीचशे किलो. ट्रेलर ओढणाऱ्या आमच्या पिकअपला घाटात हे अडीचशे किलो स्पष्ट जाणवतात. तोरणमाळच्या सात पायरी घाटात आम्ही ट्रेलर नेला नाही, पायथ्याच्या गावीच ठेवला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे वजन एकाच बाजूला आहे. फक्त उजवी चाके काट्यावर चढवून मोजले, मग फक्त डावी, तेव्हा उजवीकडे १७० किलो जास्त निघाले. धुळ्याकडे जाताना महामार्गावर ट्रक बाजूने गेला की ट्रेलर का झुलतो, याचा उलगडा त्या दिवशी झाला. शंभर लिटरची टाकी मधून काढून डाव्या भिंतीला नेली, टाकी भरून पुन्हा मोजले, आणि फरक सत्तरावर आला. झुलणे बरेच कमी झाले. ज्यांना ट्रेलर बांधून घ्यायचा आहे त्यांनी टाकी आणि बॅटऱ्या खणाच्या विरुद्ध बाजूला ठेवण्याची अट आधीच लेखी घालावी.

यंत्रणेबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण दुकानात यावर कोणी बोलत नाही. खण सरकवण्याच्या चार मुख्य पद्धती आहेत. पहिली दातेरी पट्टी आणि पिनियनची, म्हणजे पट्टीवर फिरणाऱ्या लहान दातेरी चाकाची: जमिनीखाली दोन पट्ट्या, मध्ये एक मोटर, आपल्या कारखान्यांच्या सरकत्या फाटकांना असते तशीच. दुसरी तेलाच्या दाबावर चालणारी. ती लांब आणि जड खणांसाठी उत्तम, मात्र तेल गळू लागले की डोकेदुखी. तिसरी तारांची, ज्यात खणाचे कोपरे पोलादी तारांनी ओढले जातात. तारा सैल पडतात आणि त्या वेळोवेळी ताणून घ्याव्या लागतात. चौथी भिंतीतच बसणारी, श्विंटेक या नावाने ओळखली जाणारी: खणाच्या दोन्ही बाजूंना एकेक लहान मोटर, जमिनीखालची जागा मोकळी, वजन कमी, पण दोन्ही मोटरी बरोबरीने चालल्या पाहिजेत, आणि विजेचा दाब कमी झाला किंवा खण तिरका झाला की त्यांचा मेळ पुन्हा बसवावा लागतो. आम्ही पहिली निवडली, आणि त्याचे कारण सर्वस्वी स्थानिक आहे. दातेरी पट्टीचा दात तुटला तर जळगावच्या एमआयडीसीत कोणताही लेथवाला ती संध्याकाळपर्यंत करून देतो. परदेशातून भाग मागवण्याची वेळ आली असती तर ट्रेलर महिनाभर उघड्या खणासह उभा राहिला असता, आणि खण उघडा असताना ट्रेलर जागचा हलवता येत नाही.

ही शेवटची गोष्ट किती गंभीर आहे ते आम्हाला पहिल्या यात्रेच्या शेवटच्या सकाळी कळले. रात्री शेजारच्या टँकरचे पाणी सांडून ट्रेलरला टेकू देणाऱ्या मागच्या उजव्या जॅकखालची जमीन भिजली होती. तापीकाठची काळी माती ओली झाली की तिच्यात दम राहत नाही. जॅक दोन-अडीच इंच खचला आणि ट्रेलरची चौकट किंचित पिळवटली. डोळ्यांना हे दिसत नव्हते. बटण दाबले, खण हातभर आत आला आणि तिरका होऊन अडकला. बांधणाऱ्याला फोन केला. त्याने पुन्हा बटण दाबायला सांगितले, आम्ही दाबले, आणि तीस अँपिअरचा फ्यूज गेला. दुसरा टाकला, तोही गेला. अडकलेल्या खणावर बटण दाबत राहणे ही सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती करण्याचा सल्ला आम्हाला ज्याने खण बांधला त्यानेच दिला, याचे मला आजही वाईट वाटते.

हाताने खण आत घेण्याची सोय प्रत्येक चांगल्या यंत्रणेत असते. आमच्यातही होती. मोटरच्या मागे ब्रेक सोडणारी एक कळ, आणि तिच्याशेजारी एकोणीस नंबरचा पाना बसेल असे षटकोनी टोक. मात्र ती मोटर जमिनीखाली अशा कोपऱ्यात बसवली होती की पाठीवर झोपून, डोके चाकाशी टेकवून, पाना एका वेळी जेमतेम पाव फेराच फिरवता येत होता. आधी जॅकखाली लाकडी फळी घालून ट्रेलर समतल केला, मग दादा आणि मी आळीपाळीने खाली झोपलो. पाऊण तासाने खण आत गेला. घरी आल्यावर त्या टोकाला लांब दांडी जोडून ती बाहेरच्या सामानकप्प्यात काढून घेतली. आता उभ्याउभ्या हँडल फिरवता येते. खर्च नाममात्र झाला. हे काम ट्रेलर बांधतानाच करून घ्यावे.

तेव्हापासून आमचा क्रम ठरलेला आहे. प्रत्येक जॅकखाली दीड फुटाची जाड फळी, मग आतल्या जमिनीवर पाणसळ ठेवून दोन्ही दिशांनी समतल, मग बॅटरीचा दाब, आणि नंतरच बटण. दाब साडेबारा व्होल्टच्या खाली असेल तर आधी पिकअपचे इंजिन चालू करून चार्जिंग देतो. मोटरपर्यंतच्या बारीक वायरी काढून जाड टाकल्या, त्यानेही खणाची चाल सुधारली. एक माणूस बाहेर उभा राहून खणाच्या वाटेत राहुटीचा दोर, खुंटा किंवा लहान मूल नाही याची खात्री करतो. यात्रेत शेजाऱ्याचे दोर रात्रीतून जागा बदलतात, म्हणून सकाळी ही पाहणी पुन्हा होते.

उन्हाळ्याचा अनुभव वेगळा. एप्रिलच्या शेवटी एका लग्नासाठी आम्ही भुसावळजवळ चार दिवस होतो आणि पारा पंचेचाळिसाच्या आसपास होता. दुपारी दोन वाजता ट्रेलरच्या मूळ भिंतीला आतून हात लावला तर ती कोमट लागत होती. खणाच्या भिंतीला तळहात टेकवून ठेवणे कठीण होते. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी खणाच्या भिंतीतला फोम पातळ घेतात, त्याला तीन बाजूंनी ऊन लागते आणि एसीचा झोत तिथपर्यंत पोचत नाही. पहिले दोन दिवस आम्ही दुपारी खण आत घेऊनच बसलो, म्हणजे ज्या जागेसाठी पैसे मोजले तीच दुपारभर मिटलेली. तिसऱ्या दिवशी रावेरकडच्या पाहुण्यांनी केळीच्या रोपवाटिकेतले हिरवे शेडनेट आणून खणावर हातभर अंतर सोडून बांधले. एवढ्याने भिंत हात टेकवण्याजोगी झाली. अंतर सोडणे महत्त्वाचे आहे. जाळी पत्र्यावर टेकली तर उपयोग निम्माही राहत नाही.

खणाचा खरा कस रबरात असतो. खण आणि ट्रेलर यांच्यामधली फट चारही बाजूंनी दोन प्रकारच्या रबरांनी बंद होते: एक पोकळ फुगीर पट्टी, जी खण पूर्ण उघडल्यावर किंवा पूर्ण मिटल्यावर दाबली जाते, आणि दुसरी जिभेसारखी पट्टी, जी खण सरकताना त्याचे अंग पुसून काढते. या दुसऱ्या पट्टीची खान्देशात कसोटी लागते. गाडवाटेची बारीक काळी धूळ, कपाशीच्या हंगामात उडणारा तंतू आणि लिंबाखाली उभे राहिल्यास निंबोळ्या असे सगळे खणाच्या छतावर साचते, आणि खण आत घेताना रबराला चुकवून थोडे थोडे आत येते. आषाढात पाटणादेवीला तीन दिवस पाऊस लागला होता. निघताना घाईत छत न पुसता खण मिटला, आणि छतावर साचलेले पाणी आत ओघळून आईची गादी भिजली. रबर शाबूत होते. चूक आमची होती. आता शिडी आणि फरशीवरचा रबरी वायपर ट्रेलरच्या मागे कायम बांधलेला असतो. खणाच्या छतावर आपोआप गुंडाळणारे कापडी छत मिळते, आणि आम्ही जळगावच्या ताडपत्रीवाल्याकडून तसे करूनही घेतले. पाऊस व निंबोळ्या त्यावर अडतात. वाऱ्यात मात्र ते रात्रभर फडफडते, आणि वळवाच्या वादळाचे चिन्ह दिसले की खणच आत घेणे शहाणपणाचे ठरते.

देखभालीत एक चूक अनेकांकडून होते, म्हणून ती नोंदवतो. रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये आम्ही दातेरी पट्टीला ग्रीस भरून घेतले. महिन्याभराने खाली वाकून पाहिले तर प्रत्येक दोन दातांमध्ये काळ्या मातीचा आणि ग्रीसचा घट्ट लगदा बसला होता. बोटाने काढून चोळला तर रेतीसारखा खरखरीत लागला. तो दात झिजवत होता. रॉकेलने सगळे धुऊन काढले, तेव्हापासून कोरड्या सिलिकॉनचा फवारा वापरतो, रबरालाही तोच. खनिज तेलाने रबर फुगते आणि फाटते.

ज्यांना दर रात्री नवे गाव गाठायचे आहे, त्यांना मी खण घेऊ नका असेच सांगीन. महामार्गावरच्या ढाब्याच्या आवारात किंवा पेट्रोल पंपावर उजवीकडे तीन फूट मोकळी जागा हमखास मिळेल असे नाही, आणि एका रात्रीसाठी समतल करणे, उघडणे, पुसणे, मिटणे यात अर्धा-पाऊण तास जातो. आमच्या एक रात्रीच्या मुक्कामांत खण एकदाही उघडला गेला नाही. अशा वेळी बंद खणासह ट्रेलर राहण्याजोगा आहे का, हा प्रश्न उभा राहतो. आमच्यात शौचालयाचे दार उघडते, पण फ्रीजचे दार टेबलाला अडते आणि चार बोटांपलीकडे उघडत नाही. पाण्याची बाटली काढायलाही खण उघडावा लागतो. हे आराखड्यावर दिसले नव्हते, आणि पाहण्यासाठी फार काही लागलेही नसते: कारखान्याच्या फरशीवर खडूने बंद खणाची रेषा आखायची, टेबल आणि फ्रीजच्या जागी खोकी मांडायची, आणि आईला सोबत घेऊन दारापासून शौचालयापर्यंत चालून पाहायचे.

खणासाठी आम्हाला जादा एक लाख पंच्याऐंशी हजार रुपये पडले, दुरुस्त्या आणि बदल धरून आणखी बावीस हजार. वर्षातून दहा-पंधरा दिवस एकाच जागी कुटुंबासह राहणे होत असेल, घरात वडीलधारी माणसे असतील आणि ओढणाऱ्या वाहनात ताकदीची शिल्लक असेल, तर एक खण, अडीच फुटांहून कमीच खोल, जमिनीखालच्या दातेरी पट्टीवर चालणारा आणि हँडल बाहेर काढलेला, असा घ्यावा. दोन खण कोणी सुचवले तर नकार द्यावा. आमच्याकडच्या पिकअपवर आणि आमच्याकडच्या घाटांत ते पेलणारे नाही. पुढच्या महिन्यात फ्रीज खणासमोरून हलवून दाराशेजारी नेण्याचे काम ठरले आहे. त्याच वेळी खणाच्या भिंती उघडून जाड फोम भरता येईल का, हे तपासून घेणार आहोत. चाळीस-पन्नास किलो वाढले तरी चालतील, पण भुसावळच्या दुपारी आईला तिच्या खिडकीपाशी बसता आले पाहिजे.